निवृत्त लढाऊ विमानांचे मानवरहित रूपांतर

सेवेतून काढलेल्या, परंतु अद्याप उडण्याजोग्या लढाऊ विमानात दूरनियंत्रणाची आणि स्वयंचलित उड्डाणाची साधने बसवून ते वैमानिकाशिवाय उडवण्याजोगे करणे, याला निवृत्त लढाऊ विमानांचे मानवरहित रूपांतर असे म्हणतात. अशा विमानांचा मुख्य उपयोग क्षेपणास्त्रांच्या चाचणीत व हवाई दलाच्या नेमबाजीच्या सरावात लक्ष्य म्हणून होतो. त्याखेरीज शत्रूच्या रडारांना फसवणारे आमिष, स्फोटके वाहून नेणारे उडते अस्त्र आणि नव्या नियंत्रणप्रणालींची उडती प्रयोगशाळा असेही त्यांचे उपयोग झाले आहेत. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, चीन व जपान या देशांनी अशी रूपांतरे केली. भारतात मिग-२१ या विमानाच्या निवृत्तीनंतर या विषयाची चर्चा वाढली. या जातीची बहुसंख्य भारतीय विमाने महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथे बांधली गेली असल्यामुळे हा विषय महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशीही जोडलेला आहे.

संज्ञा

मानवरहित विमानाला सर्वसाधारण बोलण्यात ‘ड्रोन’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी असा आहे. ब्रिटनने १९३५ साली ‘टायगर मॉथ’ या प्रशिक्षण विमानावरून ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, या नावाचे रेडिओनियंत्रित लक्ष्य-विमान तयार केले. त्या नावावरून अमेरिकी नौदलाने आपल्या रेडिओनियंत्रित विमानांना ‘ड्रोन’ हे नाव दिले, असे सामान्यतः मानले जाते.

लक्ष्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या विमानांचे दोन प्रकार आहेत. केवळ त्याच कामासाठी बांधलेल्या लहान विमानांना लघु लक्ष्य-विमाने म्हणतात. भारताची ‘लक्ष्य’ आणि ‘अभ्यास’ ही विमाने या प्रकारात मोडतात. खऱ्या लढाऊ विमानाचे रूपांतर करून मिळते ते पूर्णाकार लक्ष्य-विमान होय. त्याचा आकार, रडारवर दिसणारे प्रतिबिंब, इंजिनाच्या उष्णतेची खूण आणि वळण्याची क्षमता ही सारी खऱ्या शत्रुविमानासारखी असतात. क्षेपणास्त्राची परीक्षा पूर्णाकार लक्ष्यावर घेण्याचा आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

इतिहास

आरंभीचे प्रयोग

या विद्येचा उगम नौदलाच्या तोफखान्याच्या गरजेतून झाला. विमानाच्या मागे दोराने बांधलेल्या कापडी निशाणावर गोळीबार करण्याची जुनी पद्धत होती. तिच्यात लक्ष्य सरळ रेषेत जात असे आणि ओढणाऱ्या विमानातील माणसांना धोका असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिशांनी ‘फेअरी ३-एफ’ जातीच्या विमानांत रेडिओनियंत्रण बसवून युद्धनौकांच्या तोफांपुढे ती उडवली. चालत्या विमानाचा वेध घेणे नौदलाला वाटत होते त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे या प्रयोगांतून उघड झाले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘ॲफ्रोडाइटी’ या मोहिमेत वापरून जीर्ण झालेली बॉम्बफेकी विमाने स्फोटकांनी भरून दूरनियंत्रणाने शत्रूच्या ठाण्यांवर आदळवण्याचा प्रयत्न केला. उड्डाण करून विमान आकाशात स्थिर करण्यासाठी दोन माणसे आत बसत आणि नंतर हवाई छत्रीने बाहेर पडत. १२ ऑगस्ट १९४४ रोजी अशाच एका नौदलाच्या विमानाचा ते बाहेर पडण्यापूर्वीच आकाशात स्फोट झाला. त्यात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांचे थोरले बंधू जोसेफ केनेडी (धाकटे) व त्यांचे सहकारी मरण पावले. मोहिमेला लक्षणीय यश मिळाले नाही.

हेलकॅट आणि पामडेलची घटना

महायुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाकडे ‘हेलकॅट’ जातीची लढाऊ विमाने मोठ्या संख्येने शिल्लक राहिली. १९४६ साली बिकिनी बेटांवरील अणुचाचण्यांच्या वेळी वैमानिकरहित हेलकॅट विमाने किरणोत्सारी ढगांतून नेऊन तेथील नमुने गोळा करण्यात आले. जेथे माणसाला पाठवणे शक्य नव्हते अशा कामासाठी झालेला हा वापर रूपांतराच्या उपयुक्ततेचे उत्तम उदाहरण मानला जातो. १९५२ साली कोरियाच्या युद्धात काही हेलकॅट विमाने बॉम्ब लावून विमानवाहू नौकेवरून दूरनियंत्रणाने सोडण्यात आली.

या तंत्राचा धोका १६ ऑगस्ट १९५६ रोजी स्पष्ट झाला. कॅलिफोर्नियातील पॉइंट मुगू येथून लक्ष्य म्हणून उडवलेले एक हेलकॅट नियंत्रणाबाहेर जाऊन लॉस एंजेलिसच्या दिशेने वळले. त्याला पाडण्यासाठी निघालेल्या दोन ‘स्कॉर्पियन’ जेट विमानांनी एकूण २०८ अग्निबाण सोडले, पण एकही नेमका लागला नाही. इंधन संपल्यावर ते विमान पामडेल शहराजवळच्या ओसाड भागात कोसळले. प्राणहानी झाली नाही. मात्र जमिनीवर पडलेल्या अग्निबाणांमुळे ठिकठिकाणी वणवे लागले व घरांचे आणि वाहनांचे नुकसान झाले.

जेट युग

पुढील काळात अमेरिकेत लढाऊ विमानांच्या पिढ्यांमागून पिढ्या निवृत्तीनंतर लक्ष्य-विमाने झाल्या. एफ-८०, एफ-८६, एफ-१०२, एफ-१००, एफ-१०६ आणि एफ-४ ‘फँटम’ असा हा क्रम सांगता येतो. रूपांतरित विमानाच्या नावाआधी बहुधा ‘क्यू’ हे अक्षर लावतात. ३०० हून अधिक फँटम विमानांचे ‘क्यूएफ-४’ मध्ये रूपांतर झाले. २१ डिसेंबर २०१६ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन हवाई तळावर समारंभपूर्वक त्यांना निरोप देण्यात आला. त्यांची जागा ‘क्यूएफ-१६’ ने घेतली. ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात साठवून ठेवलेली एफ-१६ विमाने दुरुस्त करून बोइंग कंपनीने त्यांचे रूपांतर केले. १९ सप्टेंबर २०१३ रोजी फ्लोरिडातील टिंडल तळावरून क्यूएफ-१६ ने प्रथमच रिकाम्या आसनानिशी उड्डाण केले. त्या उड्डाणात त्याने ध्वनीचा वेग ओलांडला, आकाशात गिरक्या घेतल्या आणि ते स्वतःच धावपट्टीवर उतरले.

ब्रिटनने ‘मीटिऑर’ या आपल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाचे लक्ष्य-विमान केले. वेल्समधील लॅनबेडर आणि ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे ती विमाने वापरात होती. जपानने एफ-१०४ विमानांची काही रूपांतरे इवो जिमा बेटावर उडवली. सोव्हिएत संघात मिग-१५, मिग-१७ व पुढे मिग-२१ या विमानांची लक्ष्ये झाली. मिग-२१ च्या लक्ष्यरूपाला ‘एम-२१’ असे नाव होते. भारतीय हवाई दलाने सहा दशके वापरलेल्या विमानाचे मानवरहित रूपांतर तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, हे यावरून सिद्ध होते.

चीनने मिग-१९ वर आधारलेल्या आपल्या जे-६ विमानांच्या बाबतीत आणखी पुढचे पाऊल टाकले. सप्टेंबर २०२५ मध्ये चांगचुन येथील हवाई प्रदर्शनात जे-६ चे मानवरहित रूप जाहीरपणे मांडण्यात आले. अशी जुनी विमाने मोठ्या संख्येने एकदम सोडल्यास शत्रूला त्यांच्यावर महागडी क्षेपणास्त्रे खर्च करावी लागतील, असा यामागील हेतू असल्याचे संरक्षण अभ्यासक मानतात. याच तत्त्वाचा प्रयोग अझरबैजानने २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात केला होता. तेथे अन-२ या संथ, दुपंखी विमानांना वैमानिकाविना पुढे पाठवून आर्मेनियाच्या विमानविरोधी तोफा व क्षेपणास्त्रे कोठे आहेत हे शोधण्यात आले.

रूपांतराची प्रक्रिया

विमानाची निवड

रूपांतरासाठी आलेल्या विमानाची प्रथम सखोल तपासणी होते. प्रत्येक विमानाच्या सांगाड्याला ठरावीक उड्डाणतासांचे आयुष्य असते. पंख जेथे धडाला जोडले जातात तेथील धातूला वारंवारच्या ताणाने सूक्ष्म तडे जातात. हे तडे वाढले असतील तर विमान जोरदार वळणे घेऊ शकत नाही, आणि जे लक्ष्य वळू शकत नाही त्याच्यावर घेतलेल्या परीक्षेला फारसा अर्थ राहत नाही. म्हणून आयुष्याचा काही भाग शिल्लक असलेलीच विमाने निवडली जातात.

त्यानंतर तोफ, शस्त्रांशी संबंधित साधने व अनावश्यक उपकरणे काढतात. काढलेल्या वजनाने विमानाचा गुरुत्वमध्य सरकू नये म्हणून त्या जागी भार बसवतात किंवा नवी उपकरणे ठेवतात.

उड्डाणाचे नियंत्रण

माणूस हाताने दांडी व पायाने पट्ट्या हलवून जे करतो ते काम आता यंत्राने करायचे असते. हे किती सोपे वा अवघड आहे ते विमानाच्या मूळ रचनेवर अवलंबून असते. एफ-१६ मध्ये वैमानिकाच्या हालचाली विजेच्या संकेतांनी संगणकाकडे जातात व संगणक पंखांच्या पट्ट्या हलवतो. अशा विमानात वैमानिकाच्या जागी दुसऱ्या संगणकाचे संकेत देणे तुलनेने सुलभ जाते. मिग-२१ किंवा फँटम यांसारख्या जुन्या विमानांत दांडीपासून नियंत्रणपट्ट्यांपर्यंत यांत्रिक जोडदांडे व द्रवदाबावर चालणारी साधने असतात. तेथे दांडी, पायपट्ट्या, इंजिनाचा थ्रॉटल, चाके, ब्रेक आणि उतरतानाची हवाई छत्री या प्रत्येकासाठी स्वतंत्र चालकयंत्रे जोडावी लागतात.

संदेशदुवा

जमिनीवरील नियंत्रक विमानाला रेडिओलहरींनी आज्ञा देतो. विमान आपली उंची, वेग, दिशा, इंजिनाची स्थिती व कॅमेऱ्याचे चित्र परत पाठवते. या लहरी सामान्यतः सरळ रेषेत जात असल्याने पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांची मर्यादा ठरते. मीटरमध्ये मोजलेल्या उंचीच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणले असता हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. त्यानुसार १०,००० मीटर उंचीवरील विमानाशी सुमारे ४१० किलोमीटरपर्यंत संपर्क राहू शकतो. तेच विमान १०० मीटरवर आले की ही मर्यादा ४१ किलोमीटरवर येते. खालून उडणाऱ्या लक्ष्याशी संपर्क टिकवण्यासाठी दुसऱ्या विमानातून संदेश पुढे पाठवावे लागतात किंवा जमिनीवर अनेक मनोऱ्यांची साखळी उभारावी लागते.

उपग्रहामार्फत संपर्क ठेवता येतो; पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने चित्र खाली येऊन आज्ञा वर पोहोचेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येणारे विमान एवढ्या वेळात सुमारे ४० मीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे उड्डाण व अवतरण यांचे नियंत्रण धावपट्टीजवळच्या केंद्रातून किंवा विमानातील संगणकाकडूनच होते. मिग-२१ सारख्या लहान त्रिकोणी पंखांच्या विमानाचा उतरण्याचा वेग मुळातच जास्त असल्याने तेथे ही अडचण अधिक तीव्र होते.

स्वविनाश यंत्रणा

संपर्क तुटल्यास विमान ठरलेल्या ठिकाणी घिरट्या घालत राहावे व संपर्क पुन्हा न जुळल्यास त्याचा सुरक्षित जागी शेवट व्हावा, अशी तजवीज करतात. त्यासाठी विमानात एक स्फोटक भार बसवलेला असतो. तो नियंत्रकाच्या आज्ञेने उडतो आणि विमानाचे उड्डाण तत्काळ संपवतो. पामडेलसारख्या घटनेची पुनरावृत्ती टाळण्याचा हा मुख्य उपाय होय. मात्र या भारामुळे जमिनीवरच्या अपघाताला वेगळाच धोका जोडला जातो. १७ जुलै २०१३ रोजी टिंडल तळावर एक क्यूएफ-४ उड्डाणाच्या वेळी कोसळून नष्ट झाले, तेव्हा स्वविनाश यंत्रणेच्या भीतीने लगतचा महामार्ग बंद ठेवावा लागला होता.

माणसासह चाचणी

रूपांतरित विमान बहुतेक वेळा माणसासह उडवण्याची सोय कायम ठेवतात. नवी यंत्रणा तपासताना वैमानिक आत बसतो, यंत्राला विमान चालवू देतो व गरज पडल्यास ताबा घेतो. एका तळावरून दुसऱ्या तळावर न्यायचे असल्यासही विमान वैमानिकच नेतो. पूर्णपणे रिकाम्या आसनाचे उड्डाण फक्त प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी व निर्मनुष्य क्षेत्रावर केले जाते.

उपयोग

परीक्षेसाठी सोडलेले प्रत्येक लक्ष्य-विमान पाडले जातेच असे नाही. अनेक चाचण्यांत क्षेपणास्त्रातील स्फोटक काढून त्या जागी मोजमापाची उपकरणे ठेवतात. क्षेपणास्त्र लक्ष्याच्या किती जवळून गेले हे विमानावरील संवेदक नोंदवतात. हे अंतर पुरेसे कमी असेल तर खऱ्या स्फोटकाने विमान नष्ट झाले असते, असे ठरवता येते. अशा रीतीने एकच विमान अनेकदा वापरता येते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगांसाठीही लढाऊ विमाने उपयोगी पडत आहेत. अमेरिकेच्या ‘एक्स-६२ए’ या प्रायोगिक एफ-१६ मध्ये संगणकाने विमान चालवले असून २०२३ साली त्याने माणसाने चालवलेल्या एफ-१६ शी हवाई झुंजीचा सराव केला. त्या विमानात सुरक्षेसाठी वैमानिक उपस्थित होते.

भारतातील स्थिती

मिग-२१ आणि ओझर

भारतीय हवाई दलात मिग-२१ चा प्रवेश १९६३ साली चंदीगड येथे झाला. त्याच सुमारास रशियन परवान्याने ही विमाने देशात बांधण्यासाठी तीन ठिकाणी कारखाने काढण्याचे ठरले. विमानाचा सांगाडा व जुळणी नाशिकजवळ ओझर येथे, इंजिने ओडिशातील कोरापुट येथे आणि विद्युत उपकरणे हैदराबाद येथे, अशी विभागणी झाली. हे कारखाने पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचे भाग झाले. द्राक्षे व कांदा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाड तालुक्यात यामुळे विमानबांधणीचे कुशल कारागीर तयार झाले. मिग-२१ नंतर ओझरला मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली गेली. १२५ मिग-२१ विमानांना नवे रडार व नवी शस्त्रे देऊन त्यांचे ‘बायसन’ हे सुधारित रूपही एचएएलच्या नाशिक विभागात सिद्ध झाले.

भारताने एकूण ८७० हून अधिक मिग-२१ विमाने घेतली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथेच शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. तत्पूर्वी ६ मार्च २००९ रोजी मिग-२३ बीएन आणि २७ डिसेंबर २०१९ रोजी मिग-२७ निवृत्त झाले होते. एवढ्या विमानांपैकी काहींना लक्ष्य-विमान किंवा आमिष म्हणून पुन्हा उडवावे, अशी सूचना वृत्तपत्रांतून आणि संरक्षणविषयक लेखनातून वेळोवेळी मांडली गेली आहे.

रूपांतराच्या बाजूचे व विरोधी मुद्दे

या सूचनेच्या बाजूने पुढील मुद्दे मांडले जातात. विमान आधीच खरेदी झालेले आहे, त्याची रचना देशातील तंत्रज्ञांना पूर्ण माहीत आहे, ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडू शकते आणि भारताच्या नव्या क्षेपणास्त्रांना पूर्णाकार लक्ष्याची गरज आहे.

विरोधी मुद्द्यांत पहिला आयुष्याचा आहे. अमेरिकेने रूपांतरासाठी घेतलेली विमाने शिल्लक उड्डाणतासांसह वाळवंटात जतन केलेली होती. भारताकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या कमी पडत गेल्यामुळे मिग-२१ चे आयुष्य वारंवार वाढवून ती अखेरपर्यंत वापरली गेली. दुसरा मुद्दा सुट्या भागांचा आहे. निवृत्त विमानांचे उपयुक्त भाग काढून उरलेली विमाने चालू ठेवण्याची पद्धत जगभर आहे. त्यामुळे शेवटी जे सांगाडे उरतात ते संख्येने पुष्कळ दिसले, तरी त्यांना पुन्हा उडते करण्यासाठी इंजिने, नळ्या, टायर व रबरी जोड यांची साखळी जिवंत ठेवावी लागते. रूपांतराच्या खर्चाचा हिशेब करताना विमानाची किंमत शून्य धरली जाते. परंतु त्याच्या देखभालीची किंमत वयाबरोबर वाढतच जाते. तिसरा मुद्दा जागेचा आहे. पुण्याच्या उदाहरणावरून तो चांगला समजतो.

पुणे आणि निर्मनुष्य क्षेत्राचा प्रश्न

पुण्याचा लोहगाव हवाई तळ १९३९ साली स्थापन झाला. सुखोई-३० एमकेआय विमानांचा भारतीय हवाई दलात औपचारिक समावेश २७ सप्टेंबर २००२ रोजी येथेच झाला. या तळाच्याच धावपट्टीवरून पुण्याची नागरी विमानसेवा चालते. स्थापनेच्या वेळी तळाभोवती शेते व माळराने होती. आज विमाननगर, धानोरी, विश्रांतवाडी, खराडी व वाघोली अशी दाट वस्ती आहे.

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी लोहगावचे एक सुखोई-३० विमान उतरण्याच्या बेतात असताना थेऊरजवळ शेतजमिनीत कोसळले. दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले आणि जमिनीवर प्राणहानी झाली नाही. संकटात सापडलेला वैमानिक शक्य असेल तर विमान वस्तीपासून दूर नेण्याचा प्रयत्न करतो. रिकाम्या विमानात हा निर्णय घेणारा कोणी नसतो. संपर्क शाबूत असेल तरच तो जमिनीवरून घेता येतो. म्हणून पूर्णाकार लक्ष्य-विमाने उडवण्याचे तळ समुद्रकाठी किंवा वाळवंटात असतात. टिंडलहून निघालेले विमान लगेच मेक्सिकोच्या आखातावर जाते. लोहगावहून अरबी समुद्रापर्यंत सरळ रेषेतही शंभराहून अधिक किलोमीटर अंतर आहे, आणि वाटेत पुणे शहर, सह्याद्री, कोकणातील गावे व मुंबईच्या नागरी विमानांचे मार्ग लागतात. त्यामुळे लढाऊ विमानांचा अनुभव असलेले प्रत्येक शहर या कामाला योग्य ठरत नाही. भारतात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या ओडिशातील चांदीपूर व आंध्र प्रदेशातील सूर्यलंका अशा किनारी ठिकाणी होतात. तेथे पूर्णाकार जेट विमान उडवायचे तर जवळ लांब धावपट्टी, नियंत्रण केंद्र आणि दुरुस्तीची सोय या तिन्ही गोष्टी लागतील.

पुण्याचा या क्षेत्राशी संबंध संशोधनाच्या बाजूने अधिक आहे. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या तीन प्रयोगशाळा येथे आहेत. पाषाण येथील एआरडीई ही शस्त्रास्त्रांवर, सुतारवाडी येथील एचईएमआरएल ही स्फोटक व प्रणोदक पदार्थांवर काम करते. दिघी येथील आर अँड डीई या प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारे ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित वाहन तयार केले. गिरीनगर येथील डीआयएटी या अभिमत विद्यापीठात संरक्षण तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण दिले जाते. माणसाला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवून काम यंत्राकडून करवून घेणे हे ‘दक्ष’ वाहनाचे आणि लक्ष्य-विमानाचे समान सूत्र आहे. फरक असा की जमिनीवरील वाहन संपर्क तुटताच जागच्या जागी थांबू शकते. आकाशातील विमानाला थांबता येत नाही.

निवडलेला मार्ग

भारताने प्रत्यक्षात मुद्दाम बांधलेल्या मानवरहित विमानांचा मार्ग स्वीकारला. बेंगळुरू येथील एडीई या प्रयोगशाळेने तयार केलेले ‘लक्ष्य’ हे जेट विमान अग्निबाणाच्या साहाय्याने उडते व हवाई छत्रीने खाली येते. त्याला धावपट्टी लागत नाही. त्याच संस्थेच्या ‘अभ्यास’ या लहान लक्ष्य-विमानाच्या चाचण्या चांदीपूर येथे झाल्या. वैमानिकाच्या तेजस विमानासोबत उडून त्याला साहाय्य करणारे मानवरहित ‘वॉरियर’ हे विमान एचएएलच्या ‘कॅट्स’ प्रकल्पात विकसित होत आहे. त्याचाही आराखडा नव्याने केलेला आहे.

निवृत्त भारतीय लढाऊ विमाने बहुधा वस्तुसंग्रहालये, शैक्षणिक संस्था, चौक व स्मारके येथे उभी केली जातात किंवा मोडीत काढली जातात. पुण्याच्या छावणी भागातील दक्षिण मुख्यालयाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मिग-२३ बीएन विमान ठेवलेले आहे.

मर्यादा व वादाचे मुद्दे

रूपांतरामुळे विमानातून वैमानिक बाहेर येतो. परंतु माणसांची एकूण गरज फारशी कमी होत नाही. नियंत्रक, देखभाल करणारे तंत्रज्ञ, क्षेत्र मोकळे ठेवणारी पथके आणि सोबत उडणाऱ्या विमानांचे वैमानिक अशी मोठी यंत्रणा एका रिकाम्या उड्डाणासाठी लागते.

शस्त्र म्हणून वापरल्यास जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. शत्रूने संदेशदुव्यात अडथळा आणल्यास विमान भलतीकडे जाऊ शकते. आपोआप चालणारे विमान चुकीच्या ठिकाणी कोसळल्यास त्याचे उत्तरदायित्व आज्ञा देणाऱ्यावर, यंत्रणा बनवणाऱ्यावर की देखभाल करणाऱ्यावर, याविषयी आंतरराष्ट्रीय पातळीवर एकमत झालेले नाही. भारतात २०२१ चे ड्रोन नियम नागरी वापरासाठी आहेत. लष्कर, नौदल व हवाई दल यांची मानवरहित विमाने त्यांच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी त्या त्या दलाच्या स्वतःच्या नियमांवर येते.

सारांश, हे रूपांतर फायद्याचे ठरण्यासाठी दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात: आयुष्य शिल्लक असलेली जतन केलेली विमाने, आणि चुकलेले विमान कोसळले तरी कोणाच्या घरावर पडणार नाही असे विस्तीर्ण क्षेत्र. जेथे या दोन्ही गोष्टी होत्या तेथे ही पद्धत अनेक दशके टिकली. पहिली गोष्ट विमान सेवेत असतानाच ठरते. म्हणून आज सेवेत असलेल्या जॅग्वार किंवा मिग-२९ सारख्या विमानांचे निवृत्तीनंतर काय करायचे, याचा निर्णय त्यांचे शेवटचे उड्डाणतास संपण्यापूर्वी घ्यावा लागतो.